बाहेरची माणसं आली की आपला पगार पडतो का?

प्रश्न असा आहे: "काका, आयटीआय करून दोन वर्षं झाली, टर्नर आहे, लेथवर धातू कातायचं काम. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, रोज दोन-तीन गेट फिरतो. जिथे जावं तिथे यूपी-बिहारची पोरं आधीच मशीनवर उभी. तिकडे माझा मावसभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला गोदामात कामाला आहे, त्याला तिथले लोक ऐकवतात की तुम्ही येऊन आमचे पगार पाडलेत. ते ऐकून मला राग येतो, आणि दुसऱ्या दिवशी गेटवर मी तेच बोलतो. बाहेरची माणसं आली की तिथल्यांचा पगार खरंच पडतो का? हो की नाही, तेवढं सांगा."

तेवढं सांगता येणार नाही, जरा बसावं लागेल. मी बडोद्यात तीन कारखान्यांत मिळून बत्तीस वर्षं पर्सोनेलमध्ये काढली. भरती, मस्टर (हजेरीपट), वेतन करार, संप, ले-ऑफ, सगळं केलं, आणि केलं ते कंपनीच्या बाजूच्या खुर्चीत बसून. तेव्हा पुढे सांगतोय त्यातली काही करणी माझीच आहे, हे धरून वाच.

आधी फाउंड्रीचं, म्हणजे ओतशाळेचं, सांगतो. कास्टिंग (साच्यात ओतलेला नग) गार झालं की वाळू झाडायची, कडा ग्राइंडरने घासायच्या. हे फेटलिंगचं काम. धूळ एवढी की संध्याकाळी माणूस ओळखू येत नाही. मी लागलो तेव्हा हे काम तरसाली, माणेजा, जांबुव्याकडची माणसं करायची. त्यांची पोरं दहावी-बारावी झाली आणि त्यांनी बापाच्या जागेवर यायला साफ नकार दिला. आम्ही आठ महिने ती जागा भरू शकलो नव्हतो. मग पूर्व यूपीची माणसं आली, फेटलिंग सुटलं आणि मोल्डिंगचा, म्हणजे साच्यांतून निघालेल्या मालाचा, ढीग पुढे सरकायला लागला. माल जास्त निघू लागल्यावर इन्स्पेक्शन, स्टोअर्स आणि डिस्पॅचला माणसं लागली. तिथे कोण गेलं? इथलीच. पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, गुजरातीत फोनवर बोलायचं, ट्रकवाल्याशी हुज्जत घालायची, चलन लिहायचं, हे आझमगढहून कालच आलेल्याला जमत नव्हतं. जुने मोल्डर चार्जहँड, म्हणजे टोळीचे प्रमुख, झाले. त्या खात्यात बाहेरची माणसं आल्यावर इथल्यांचे पगार वाढले. करारावर सही माझी आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

डेन्मार्कमध्ये हेच फार बारकाईने पाहिलं गेलं आहे. १९८६ ते १९९८ या काळात तिथे निर्वासितांना सरकार ठरवेल त्या गावी पाठवलं जायचं, त्यामुळे कोणत्या गावात किती आले याचा तिथल्या कामधंद्याशी फारसा संबंध नव्हता. अभ्यासकांच्या दृष्टीने हा आयता प्रयोगच. ज्या गावांत जास्त आले तिथले कमी शिकलेले डॅनिश कामगार हळूहळू अंगमेहनतीच्या कामातून बाहेर पडून दुसऱ्या कामांत गेले आणि त्यांचे पगार पडण्याऐवजी चढले. काम म्हणजे मोजून मांडलेले पाट नव्हेत, की पाहुणा आला की घरातला एक उठलाच पाहिजे. आलेली माणसं खातात, राहतात, खर्च करतात. आमच्या वाडीतल्या एक बाई चाळीस-पन्नास परप्रांतीय पोरांचे डबे करतात. पूर्वी पोळ्या करायच्या, आता भात जास्त लावतात. त्यांच्या हाताखाली दोघीजणी आहेत. ती दोन कामं कुठल्याच कंपनीच्या पटावर दिसणार नाहीत.

पण तू फेटलर नाहीस, टर्नर आहेस. आणि गोष्ट फाउंड्रीत संपली असती तर तू विचारायला आलाच नसतास.

दुसऱ्या कारखान्यात मशीन शॉप होतं. तिथे ठेकेदाराची माणसं हेल्पर म्हणून आली: चिप्स (कातलेल्या धातूचा कीस) गोळा करणं, जॉब (कातायचा नग) चढवणं-उतरवणं. वर्षभरात त्यातली हुशार पोरं बघून बघून लेथ चालवायला शिकली. सुपरवायझरला काम हवं होतं, त्याने चालवू दिलं. मस्टरवर हेल्पर, पगार हेल्परचा, हात टर्नरचा. त्या वर्षी तीन कायम टर्नर रिटायर झाले आणि एकही जागा भरली गेली नाही. कोणाला काढलं नाही, संप झाला नाही, वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत. फक्त गेटवर तुझ्यासारख्या पोराला "व्हेकन्सी नाही" असं सांगितलं गेलं. बऱ्याचदा सांगणारा मीच होतो.

ह्याचा जोड जर्मनीत सापडतो. १९९१ पासून चेक कामगारांना सीमेलगतच्या जर्मन जिल्ह्यांत कामाला यायला परवानगी मिळाली. सकाळी यायचं, रात्री घरी. म्हणजे ते कमवायचे जर्मनीत आणि खर्च करायचे आपल्या गावी, डबेवाल्या बाईंचा फायदा तिथे नाही. तिथल्या जर्मनांचे पगार थोडेसेच घसरले, पण त्यांचा रोजगार चांगलाच कमी झाला. आणि तो मुख्यतः लोकांना काढल्याने नव्हे, तर नवे जर्मन घेतले न गेल्याने. म्हणजे नोकरीत असलेला सुरक्षित राहतो आणि धक्का दारात उभ्या असलेल्याला बसतो. सरासरी काढली की हा धक्का दिसतच नाही. पंचावन्न वर्षांच्या कायम कामगाराला विचार, तो म्हणेल, मला काय फरक पडला? तो खोटं बोलत नाही, आणि तूही नाहीस.

ह्या विषयावर सर्वांत जास्त भांडण झालं ते मायामीवरून. १९८० च्या एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये क्युबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसं बोटींनी अमेरिकेत उतरली. बरीचशी मायामीतच राहिली आणि शहरातली कामगारसंख्या काही महिन्यांत साधारण ७ टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना तशाच दुसऱ्या शहरांशी केली. त्यांना स्थानिकांच्या पगारावर किंवा बेकारीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. ह्याच कार्ड यांना २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमधला वाटा मिळाला. पुढे दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा काढली आणि फक्त शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांकडे पाहिलं. ते स्वतः लहानपणी क्युबातून अमेरिकेत आलेले. त्यांचं म्हणणं, त्या गटाची मजुरी १० ते ३० टक्के पडली. त्यावर इतरांनी दाखवलं की एवढा बारीक गट चाळला की पाहणीत हाताशी फार थोडी माणसं उरतात, आणि त्या काळात पाहणीत कोण मोजलं जातंय हेही बदललं होतं. वाद अजून मिटलेला नाही. मला विचारशील तर मी वेतन कराराच्या टेबलावरून एवढंच सांगेन: शहराची सरासरी आणि एका खात्याचा पगार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कार्ड शहर मोजत होते, बोर्हास एक खातं शोधत होते.

एका बाबतीत मात्र बहुतेकांचं जुळतं. नव्याने आलेल्यांमुळे सगळ्यांत जास्त मार बसतो तो त्यांच्या आधी आलेल्यांना, कारण तेच त्यांच्या सर्वांत जवळ, त्याच ओळीत उभे असतात. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विद्वत्संस्थांचा २०१६ चा मोठा अहवालही हेच सांगतो: दहा-वीस वर्षांच्या हिशेबात एकूण स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम अगदी कमी, आणि जो काही आहे तो आधीचे स्थलांतरित आणि शाळा सोडलेले यांच्यावर. तुझ्या मावसभावाला हे सांग. त्याच्या पगाराला धोका आहे तो पुढच्या विमानाने येणाऱ्या पंजाबी किंवा गुजराती पोराचा. त्याला ऐकवणाऱ्या माणसाचा पगार बहुधा त्याच्यामुळे हललेलाही नसेल.

आता खरं काय होतं ते सांगतो, कारण हे अहवालात सहसा येत नाही.

तीन पाळ्यांचा कारखाना घे. आठ-आठ तासांच्या पाळ्या, एका मशीनवर दिवसाला तीन माणसं. इथल्या माणसाला घर आहे, संध्याकाळी पोराची शिकवणी आहे, आजारी आई आहे. तो आठ तासांनी घरी जातो. बाहेरून आलेला पोरगा शेडच्या मागे खोलीत सहाजणांत राहतो. त्याला आठ तासांनंतर जायला घरच नाही, आणि गावी जास्त पैसे पाठवायचे आहेत. ठेकेदार त्याला बारा तास देतो, तो खुशीने घेतो. म्हणजे एका मशीनवर तीनाऐवजी दोन माणसं. माझ्या वेळच्या १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टनुसार (तो २०२५ पर्यंत लागू होता) दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम घेतलं तर दुप्पट दर द्यावा लागायचा. दुप्पट दर खरोखर दिला असता तर कुठल्याही मालकाला तिसरा माणूस ठेवणं स्वस्त पडलं असतं. पण ठेक्यात ओव्हरटाइम मिळतो तो सरळ दराने, आणि मस्टरवर तास दिसतात आठच. बघ, त्या पोराचा तासाचा दर तुझ्यापेक्षा कमी असेलच असं नाही. तिसरा माणूस कमी झाला तो तासांमुळे. तो तिसरा माणूस तू.

दुसरी गोष्ट ठेकेदाराच्या वहीची. समज, कागदावर पगार १२,००० आहे. तो पोराच्या खात्यात जमा होतो, बँकेचा पुरावा तयार, तपासणीला कोणी आलं तरी सगळं चोख. पण एटीएम कार्ड असतं मुकादमाकडे. खोलीचे, खाण्याचे, गावाहून आणताना दिलेल्या उचलीचे कापून हातात जे पडतं त्यावर तो पोरगा काही बोलू शकत नाही. बोलला तर खोली जाते, नोकरी जाते आणि उचल अंगावर राहते. कंपनीला मिळतो तो "न बोलणारा माणूस". तूही १२,०००ला तयार असशील, तरी कंपनी त्यालाच घेईल, कारण तू चौथ्या महिन्यात पीएफचा नंबर मागशील. तू स्वस्त असलास तरी महाग आहेस!

२०२५ पर्यंत लागू असलेला १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा वाचशील तर वाटेल, काय सुरेख व्यवस्था केली होती. त्याच कामाला स्थानिकाइतकीच मजुरी. शिवाय भरतीच्या वेळी विस्थापन भत्ता, महिन्याच्या पगाराच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जो जास्त असेल तो. वर जाण्यायेण्याचं भाडं. बत्तीस वर्षांत मी हा विस्थापन भत्ता एकदाही प्रत्यक्ष वाटला गेलेला पाहिलेला नाही. पाहिला असता तर ठेकेदाराचं अर्धं गणित तिथेच कोलमडलं असतं आणि गेटवरच्या इथल्या पोरांना आपोआप भाव आला असता.

म्हणून मी म्हणतो, तुझा पगार त्याच्या येण्याने पडत नाही, त्याला जाता न आल्याने पडतो. ह्याचा पुरावा आखातात आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०११ मध्ये नियम बदलला: कराराची मुदत संपली की जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय दुसरीकडे जाता येईल. तेवढ्या एका बदलाने तिथे असलेल्या परदेशी कामगारांची कमाई १० टक्क्यांहून जास्त वाढली. माणसं तीच, कौशल्य तेच, ऊन तेच. कॅनडातही बऱ्याच तात्पुरत्या कामगारांचं परमिट एकाच मालकाशी बांधलेलं असतं. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने कमी पगाराच्या तात्पुरत्या कामगारांची संख्या आवळली, एका मालकाकडच्या कामगारांत असे १० टक्क्यांपर्यंतच, अशी मर्यादा घातली. मला वाटतं त्यांनी डोकी मोजली, गाठ सोडली नाही.

डोकी मोजून काय होतं तेही पाहिलेलं आहे. अमेरिकेत १९४२ पासून मेक्सिकन शेतमजूर हंगामी करारावर येत. आपल्या शेतमजुरांची मजुरी चढावी म्हणून १९६४ अखेर सरकारने ती योजना बंद केली. वर्षाला येणारे जवळजवळ पाच लाख हंगामी मजूर थांबले. ज्या राज्यांत हे मजूर जास्त होते तिथे मजुरी इतर राज्यांपेक्षा चढली का? नाही. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायचं यंत्र आलं, यंत्राला सोसेल असा जाड सालीचा टोमॅटो आला. काही शेतकऱ्यांनी पीकच बदललं. रिकामी जागा स्थानिक मजुराला न मिळता यंत्राला मिळाली.

आपल्याकडे ते दोनदा झालं. २०१८ च्या सप्टेंबरअखेर हिंमतनगरजवळ एका चिमुरडीवर अत्याचार झाला, संशयित बिहारचा निघाला, आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर गुजरातपासून हल्ले सुरू झाले. यूपी-बिहारची माणसं बसगाड्या भरून परत निघाली. मग २०२० चा लॉकडाउन, १ मेपासून श्रमिक गाड्या. दुसऱ्या वेळी मी रिटायरमेंटच्या उंबरठ्यावर होतो. शेड मोकळी, ऑर्डर हातात, आणि तुझ्यासारख्यांसाठी ती सुवर्णसंधी असायला हवी होती. झालं असं की फेटलिंग बंद म्हणून मोल्डिंग बंद, मोल्डिंग बंद म्हणून मशीन शॉप एका पाळीवर. इथल्या कायम माणसांनाच अर्ध्या महिन्याचं काम मिळेना. ठेकेदारांनी दोन-तीन महिने रोजंदारी वाढवून दिली, लक्झरी बस पाठवून माणसं परत आणली, आणि दिवाळीपर्यंत दर पुन्हा होता तिथे. त्याच उन्हाळ्यात एका मालकाने रोबोची कोटेशनं मागवली, ती अजून त्याच्या टेबलाच्या खणात असतील.

स्थानिकांच्या कोट्याचं विचारशील. गुजरातमध्ये १९९५ पासून सरकारी ठराव आहे: ८५ टक्के कामगार आणि ६० टक्के सुपरवायझर-मॅनेजर स्थानिक हवेत. मी तो तक्ता वर्षानुवर्षं भरला. मोजायचो कंपनीच्या पटावरची माणसं. ठेक्यावरची माणसं ठेकेदाराची, ती आमच्या तक्त्यात नाहीत. म्हणजे कोट्याने कंपनीला एकच धडा दिला: बाहेरच्याला पटावर घेऊ नका, ठेक्यावर घ्या. हरियाणाने तर ७५ टक्क्यांचा कायदाच केला, तो २०२२ च्या जानेवारीत लागू झाला आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला.

आणि स्थानिक कोणाला म्हणायचं? सकाळी कडिया नाक्यावर जा, रोजंदारीचे मजूर जमतात तिथे. गुजरातच्या दाहोद, छोटा उदेपूरची माणसं आणि मध्य प्रदेशच्या झाबुआ, अलीराजपूरची माणसं एकाच ओळीत बसलेली असतात. बोली जवळजवळ एक, आडनावं एक, सोयरीक होते. दाहोदचा भूमिपुत्र, झाबुआचा परप्रांतीय. आपलं तरी काय? माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या वेळी कुलाब्याकडून इथे कारकुनीला आले. तेव्हाही इथल्या कोणाला तरी गेटवर "जागा नाही" असं सांगितलं गेलंच असेल. बडोद्यातल्या मराठी वस्तीत, दांडिया बाजारात उभं राहून "बाहेरचे" हा शब्द उच्चारताना माझी जीभ जरा अडखळते.

तुझ्यापुरतं बोलतो. साध्या लेथवर उभा राहशील तर वर्षभरात बघून शिकलेला हेल्पर तुझ्या शेजारी येणार, हे धरून चाल. सीएनसीचं, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शीक. ते बघून येत नाही, आणि ड्रॉइंग वाचणारा, पार्टीशी बोलणारा इथला पोरगा तिथे अजून चालतो. आणि जिथे युनियन आहे तिथे एक गोष्ट लक्षात ठेव. माझ्या शेवटच्या कारखान्यात टेबलापलीकडच्या लोकांनी एका करारात हट्ट धरला होता: ठेक्याच्या माणसाला मशीनवर उभं केलं तर मशीनचाच दर आणि ओव्हरटाइम दुप्पट, आणि महिन्याच्या महिन्याला ठेकेदाराचं मस्टर आम्हाला दाखवा. मी कंपनीतर्फे सात बैठका त्याला विरोध केला. शेवटी मान्य करावं लागलं. सहा महिन्यांत हिशेब उलटा झाला, ठेका परवडेना. कंपनीने अकरा जागा पटावर काढल्या. सहा इथल्या पोरांना मिळाल्या आणि पाच त्याच ठेक्यातल्या बिहारी पोरांना, जे आता एटीएम कार्ड स्वतःच्या खिशात ठेवतात आणि आठ तास झाले की घरी जातात.

सोमवारी परत गेटवर जाशील तेव्हा व्हेकन्सी आहे का हे मागाहून विचार. आधी बाहेरच्या चहावाल्याला विचार, आत पाळ्या तीन चालतात की दोन. दोन म्हणाला तर तिथे अर्ज टाकण्यात दिवस घालवू नकोस, पुढच्या गेटला जा.